डोंगरावरचा बावीस नंबर

मुलांनो, जरा असं समजा की तुम्ही एका रांगेत उभे आहात आणि रांगेत तुमचा नंबर शेवटचा आहे. पुढे काय चाललंय ते तुम्हाला दिसत नाही. दिसते ती फक्त एक पाठ. आज तीच पाठ, उद्या तीच पाठ, गणपतीत तीच आणि शिमग्यातही तीच. आता त्या पाठीला एक हिरवं लुगडं नेसवा. कमरेपाशी, उजव्या बाजूला, एक मोठा तीळ ठेवा. झालं? मग बकुळेला रोज जे दिसायचं, ते तुम्हाला दिसू लागलं.

बकुळा लालबागच्या कातळकर चाळीत दुसऱ्या मजल्यावर बावीस नंबरच्या खोलीत राहायची. ती पाठ होती एकवीस नंबरच्या कांताकाकूंची. शाळेत बाईंनी हिंदुस्थानचा नकाशा काढायला सांगितला, तेव्हा बकुळेने लंका न बघता अगदी बरोबर जागी काढली. काकूंचा तीळ तिथेच होता ना!

मजल्यावर नळ एकच होता, एक नंबरच्या दारासमोर. पाणी पहाटे यायचं आणि खोल्यांच्या क्रमाने भरलं जायचं. इतकी वर्षं हे चाललं होतं की त्या माणसांना दुसरा कुठला क्रम सुचेनासाच झाला होता. सत्यनारायणाचा प्रसाद नंबराने. लग्नाची पंगत नंबराने. कुणी वारलं तर रडायलासुद्धा नंबरानेच जायचं. बावीस नंबरची माणसं पोचेपर्यंत घरचे रडून दमलेले असायचे आणि चहाला बसलेले असायचे.

बकुळेची पाळी आली की नळ फुस्स करायचा आणि जायचा. बाकीचे आपापले हंडे उचलून चालू पडायचे. पण बकुळेला एक गोष्ट ठाऊक होती. कळशी तशीच नळाखाली धरून गप्प उभं राहिलं, तर कधी कधी नळ पोटातून खोकायचा आणि अर्धी कळशी पाणी द्यायचा. रोज नाही हं. कधी कधी.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. चाळीतली माणसं मोर्च्याला जायची, तीही अर्थात नंबराने. एक नंबरच्या खोलीतले अण्णा चाळ कमिटीचे अध्यक्ष. त्यांचा आवाज असा की त्यांनी दुसऱ्या मजल्यावर घसा खाकरला की तळमजल्यावरची मांजरं उठून बसायची. एका संध्याकाळी गॅलरीत सभा भरली होती आणि अण्णा रंगात आले होते.

"आपण कोण? आपण सह्याद्रीची लेकरं! सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर वाढलेली माणसं!"

मागून बारीक आवाज आला, "अण्णा, तुम्ही सह्याद्री कुठल्या बाजूने चढलात?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. बकुळेने प्रामाणिकपणे विचारलं होतं. पण गोष्ट अशी की ही सगळी माणसं कोकणातली. गावी जायचं तर भाऊच्या धक्क्यावर बोटीत बसायचं आणि थेट बंदरात उतरायचं. डोंगर वाटेत यायचाच नाही. अण्णांनी सह्याद्री एकदाच पाहिला होता, बोटीच्या कठड्यावरून ओणवे होऊन, आणि तेव्हा बोट लागल्यामुळे त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं.

"म्हणजे ज्याच्यासाठी आपण लाठ्या खाल्ल्या, तो आपण बघितलाच नाही?" कुणीतरी म्हणालं.

अण्णांनी तिथल्या तिथे ठराव मांडला. नाताळच्या सुट्टीत चाळीने जाऊन सह्याद्री बघून यायचा. मजल्यावरच्या प्रत्येक खोलीतून एक माणूस.

गिरगावातून चिंतामणी नावाचा एक तरुण वाटाड्या मिळाला. तो काटक होता, गळ्यात शिट्टी होती आणि बोलणं अगदी छापील. डोंगरांवर माणसं नेणारी एक मंडळी होती, तिचा तो चिटणीस. सभेत येऊन त्याने घोणसदांड नावाच्या डोंगराची माहिती दिली. तीन दिवस चालायचं, पाठीवर आपलं सामान आपण घ्यायचं, दोन मुक्काम करायचे.

"तिसऱ्या दिवशी पहाटे आपण टोकावर जाऊ," तो म्हणाला. "तिथे जुना कमरेएवढा कठडा आहे. एका वेळी एकच माणूस उभं राहू शकतं. खाली सगळं कोकण दिसतं आणि अगदी लांब समुद्राची रेघ. मात्र ऊन वर आलं की दरीतून धुकं चढतं. मग काही म्हणजे काही दिसत नाही. तेव्हा उशीर करून चालणार नाही."

बकुळेने बोटांवर हिशेब केला. एक नंबर बघणार, दोन नंबर बघणार, तीन नंबर... बावीस नंबरच्या वाट्याला काय येणार ते कळायला फार बोटं लागली नाहीत.

तिच्या बाबांना गिरणीतून रजा मिळाली नाही आणि आईजवळ तान्हं बाळ होतं. तेव्हा बावीस नंबरतर्फे बकुळेनेच जायचं ठरलं. वीस नंबरच्या गणपतकाकांनाही रजा नव्हती. त्यांनी मग नळावर करतात तेच केलं. माणूस नसेल तर नळावर आपला डबा ठेवतात ना, तसा त्यांनी आपला डालड्याचा डबा पाठवला. डब्यावर रंगाने मोठा वीसचा आकडा होता.

"डब्याने डोंगर चढायचा?" चिंतामणीने विचारलं.

"चढणार कसा? कांताकाकू धरतील," अण्णा म्हणाले. "पण नंबर त्याचा. आणि बावीसमधून कोण? पोर? चालेल. डबा चालतो, मग पोर का नको?"

निघताना आईने, म्हणजे सुभद्राबाईंनी, बकुळेची वेणी घट्ट ओढून बांधली. "नंबर सोडू नको हां गो. आज तू पुढे घुसलीस, तर उद्या नळावर माका तोंड उघडूक जागा उरायची नाय."

"पण आई, मला समुद्राची रेघ बघायचीय."

"मग बघ. पण नंबराने बघ."

पहिल्या दिवशी चढण सुरू झाली, तेव्हा चिंतामणीने सांगितलं की जो हळू चालतो त्याला पुढे ठेवतात, म्हणजे कुणी मागे राहत नाही. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि खोल्यांच्या क्रमाने उभे राहिले. सर्वांत पुढे चिंतामणी. मग अण्णा, हातात कमिटीचं फडकं, म्हणजे झेंडा. मग दोन, तीन, चार. मग डबा. डब्यामागे डबा धरून कांताकाकू. आणि काकूंच्या मागे बकुळा.

डोंगरात काय काय होतं म्हणून सांगू! कड्याला लटकलेली मधाची पोळी होती, शेपट्या सोडून बसलेली वानरं होती, हिरवीगार करवंदाची जाळी होती. बकुळेला लंका दिसत होती.

"काकू, तुमच्यापुढे काय आहे?"

"डबो."

"त्याच्यापुढे?"

"एकोणीस नंबराचो भाऊ. त्याका घाम इलोहा. गप चल."

दुसऱ्या दिवशी पहाटे ते झऱ्यापाशी पोचले. कातळातून मनगटाएवढी धार पडत होती. चिंतामणी म्हणाला, "भरून घ्या. बारा महिने वाहतो हा."

लगेच रांग लागली. एक नंबर, दोन नंबर. डब्याची पाळी आली तेव्हा डबाही भरला गेला, तो कुणी पिणार नव्हतं तरी. कांताकाकूंनी आपला तांब्या भरला आणि बकुळेने कळशी पुढे केली. तेवढ्यात समोरच्या डोंगरावर ऊन आलं. अण्णांनी वर पाहिलं आणि सवयीने मोठ्याने पुकारा केला,

"नळ गेला!"

"गेला, गेला," म्हणत सगळे आपापली भांडी घेऊन चालू पडले.

चिंतामणी धावत आला. "अहो, गेला कुठे? वाहतोय की!"

"आत्ता वाहतोय," अण्णा समजुतीने म्हणाले. "पण वेळ संपली."

"अण्णासाहेब, हा झरा आहे. डोंगराच्या पोटातून येतो. दिवसभर येतो, रात्रभर येतो!"

"चाळीचा मालकही असंच सांगतो," अण्णा म्हणाले आणि निघाले.

बकुळा मात्र धारेखाली कळशी न धरता तिच्याजवळ उभी होती. चिंतामणी तिच्याकडे वळला.

"तू कशाची वाट बघतेस?"

"तो खोकायची."

"कोण?"

"नळ. आधी तो जातो. मग आपण हलायचं नाही. मग तो खोकतो आणि थोडंसं देतो." तिने धारेकडे संशयाने पाहिलं. "हा अजून जातच नाहीये."

चिंतामणीने तिच्या हातातली कळशी घेतली, काठोकाठ भरली आणि तिच्या डोक्यावर ठेवली. मग म्हणाला, "बकुळा, उद्या टोकावर तू माझ्याबरोबर पुढे चल. मी सांगतो सगळ्यांना."

बकुळेने एक पाऊल पुढे टाकलंही. पण तिला आईची घट्ट वेणी आठवली. "नको. नंबर सोडला तर आईला नळावर बोलतील," ती म्हणाली. आणि डोकं न हलवता, पाणी न सांडता, जाऊन शेवटी उभी राहिली.

संध्याकाळी मुक्काम पडला तो एका खोल दरीच्या काठी. अंधार पडायला अजून अवकाश होता. मोर्च्याच्या सवयीप्रमाणे अण्णांनी हात वर केला आणि घोषणा दिली,

"मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..."

"झालाच पाहिजे!" सगळे गरजले.

आणि दरीपलीकडून कुणीतरी म्हणालं, "...झालाच पाहिजे!"

अण्णा सावध झाले. "तिकडे पण मोर्चा आलाय!"

"तो प्रतिध्वनी आहे," चिंतामणी म्हणाला. "आपलाच आवाज समोरच्या कड्यावर आपटून परत येतो."

"आपला आवाज असा असतो होय? केवढा दणदणीत आहे. किमान शंभर माणसं असतील," अण्णा म्हणाले आणि पुन्हा घोषणा दिली. पलीकडच्यांनीही दिली. अण्णांनी आणखी जोरात दिली. पलीकडचेही काही कमी नव्हते. आता प्रश्न असा पडला, की आधी थांबायचं कुणी? पाहुण्यांनी घोषणा दिल्यावर आपण उत्तर न देणं बरं दिसेना आणि शेवटचं उत्तर तर दर वेळी पलीकडूनच यायचं.

"अण्णा, आता पुरे करा," कांताकाकू म्हणाल्या. "भात गार झालो."

"त्यांना सांगा पुरे करायला! मी आधी थांबलो तर लालबागची काय शोभा राहील?"

भात खरंच गार झाला. चांदण्या आल्या. शेवटी अण्णांनी तोंड उघडलं आणि आतून काहीच आलं नाही, नळासारखं नुसतं फुस्स झालं. तेव्हा पलीकडचेही थांबले. अण्णांनी समाधानाने मान हलवली. बरोबरी झाली होती.

तिसऱ्या दिवशी पहाट फुटायच्या आधीच सगळे निघाले. वाट कड्याच्या कडेने आडवी जात होती. डाव्या हाताला उभा कातळ आणि उजव्या हाताला दरी. एका माणसाला दुसऱ्याला ओलांडून जाता येईल एवढीसुद्धा रुंदी नाही. एकेक जण कातळाला हात लावत पुढे सरकत होता. बकुळा आपली शेवटी, लंकेकडे बघत. पूर्वेकडचं आभाळ फिकट होऊ लागलं होतं आणि ती मनाशी घोकत होती. थोडा वेळ उरलाय. धुकं अजून नाही आलं.

अचानक रांग थांबली. पुढे वाटेवर दरड कोसळली होती. भला मोठा धोंडा आडवा पडला होता आणि त्यापलीकडे वाटच नव्हती.

"सगळ्यांनी जागच्या जागी थांबा," चिंतामणीचा आवाज आला. "घाबरायचं कारण नाही. मागे एक फाटा गेला होता, तो वरून टोकावर जातो. आपण तिथपर्यंत परत जायचं. कुणी कुणाला ओलांडायचं नाही आणि फाट्याच्या खाली उतरायचं नाही, तिथे निसरडं आहे. आहात तिथेच सावकाश मागे वळा."

सगळे सावकाश मागे वळले. बकुळाही वळली.

मुलांनो, तिला पहिल्यांदा कळलंच नाही काय झालं ते. तिला वाटलं, काकू कुठे गेल्या? लंका कुठे गेली? समोर कुणीच नव्हतं. होती ती वाट, वाटेवरचं दवाने ओलं गवत, त्यात कोळ्याने विणलेली जाळी, आणि त्यावर आभाळच आभाळ. इतकं मोकळं बघायची तिला सवय नव्हती. ती क्षणभर कातळाला धरून उभी राहिली.

रांगेच्या दुसऱ्या टोकाला अण्णांच्या मात्र लगेच ध्यानात आलं. ते ओरडायला गेले, पण आवाज कालच दरीने घेतला होता. त्यांनी एक बोट वर केलं. एक नंबर पुढे! त्यांच्यापुढच्या दोन नंबरने मागे वळून ते पाहिलं आणि बोट वर केलं. मग तीनने, मग चारने. बघता बघता कड्यावर सगळी चाळ एकेक बोट वर करून उभी राहिली, शाळेत मुलं बाहेर जायची परवानगी मागतात तशी.

कांताकाकूंनी मागे वळून ती बोटं पाहिली आणि मग बकुळेला हाक मारली. "अगो थांब! अण्णांचो नंबर पयलो. त्यांका पुढे येवक दे."

"कुठून येतील, काकू?"

काकूंनी एकदा कातळाकडे आणि एकदा दरीकडे पाहिलं. "फाट्यापाशी जागा असात. थंय थांबू."

फाट्यापाशी आले, तर तिथे दोन माणसं उभी राहतील एवढीच जागा होती. बकुळा आणि काकू. बाकीची चाळ मागे कड्यावरच अडकलेली. वरची वाट टोकाकडे जात होती आणि खाली, अगदी खाली, दरीत पांढरं काहीतरी हलायला लागलं होतं.

"थांब म्हटलंय ना गो," काकू म्हणाल्या.

बकुळेने खालच्या पांढऱ्याकडे पाहिलं, वरच्या वाटेकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं. मग तिने नाक पुसलं आणि विचारलं, "काकू, मी नंबर सोडलाय का?"

"नाय."

"कुणाच्या पुढे घुसलेय का?"

"तसा नाय म्हणा..."

"मग मी वर गेल्याशिवाय तुम्हाला जागा कशी होईल? तुम्ही वर आल्याशिवाय डब्याला जागा कशी होईल? आणि डबा हलल्याशिवाय अण्णा येतील कसे?"

काकूंनी डबा या काखेतून त्या काखेत घेतला. रांगेतून "काय झालं? पुढे सरका!" असे आवाज येऊ लागले.

"चल मेले," काकू म्हणाल्या. "तुझो नंबर लागलो."

बकुळा चालली. धावली नाही, चिंतामणीने डोंगरात धावायचं नाही म्हणून सांगितलं होतं. टोकावर कठडा होता, तिच्या हनुवटीएवढा. तिने दोन्ही हात त्यावर ठेवले आणि टाचा उचलल्या.

खाली सगळं कोकण निजलेलं होतं. डोंगरामागून ऊन आलं होतं आणि डोंगराची भलीमोठी टोकदार सावली शेतांवर, गावांवर, नदीच्या वळणांवर पडली होती. आणि ती सावली संपत होती त्याच्याही पलीकडे, पार लांब, आईच्या पैठणीच्या काठासारखी एक चकाकती रेघ होती.

तिने पोटभर पाहिलं. मग आपण होऊन बाजूला झाली आणि रांगेकडे तोंड करून, अण्णा करायचे तसा मोठ्याने पुकारा केला,

"नंबर एकवीस!"

कांताकाकू आल्या. बघून त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "नंबर वीस!" बकुळेने डबा कठड्यावर ठेवला, आकडा समुद्राच्या बाजूला करून. काकूंना लागला होता तेवढा वेळ त्यालाही दिला. "नंबर एकोणीस! नंबर अठरा!" तिने कुणाला घुसू दिलं नाही आणि कुणाला घाई केली नाही. आणि दरीतलं पांढरं चढत होतं. पाच नंबरला रेघ पुसट दिसली. तीन नंबरला फक्त गावं. दोन नंबरला झाडांचे शेंडे.

"नंबर एक!"

अण्णा आले, कठड्याला धरून उभे राहिले. समोर नुसतं पांढरं. जणू कुणीतरी त्यांच्यापुढे एक भलीमोठी पाठ करून उभं होतं. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग ते चिंतामणीकडे वळले. पण चिंतामणी दगडावर बसून बुटातला खडा काढत होता.

"माझ्याकडे काय बघता? मला तुमच्या चाळीत खोलीच नाही, मग नंबर कुठला?" तो म्हणाला.

अण्णांचा चेहरा अगदी लहान मुलासारखा झाला. जन्मात कधी शेवटचा नंबर लागला नव्हता त्यांचा. शेवटच्याने काय करायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. बाकीची माणसं नेहमीसारखी "गेलं, गेलं" म्हणत सामान उचलू लागली. अण्णाही मान खाली घालून वळले.

बकुळेने त्यांचा हात धरला.

"अण्णा, जायचं नाही. गेलं तरी हलायचं नाही," ती म्हणाली. "कधी कधी परत येतं."

आणि तिने कठड्यावरचा डबा उतरवला, त्यातलं पाणी गवतावर ओतलं, अण्णांना बसायला तो उपडा घातला, आणि त्यांच्या शेजारी मांडी घालून त्या पांढऱ्याकडे बघत बसून राहिली.